आप्पांच्या शेजारची जागा

जिस्पा (हिमाचल),
११ ऑगस्ट २०२४

ती. केवळाक्कांस,
सौदामिनीचा शरणार्थ.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, हे तुमच्या भावाच्या फारच पथ्यावर पडलंय. नाहीतर मी रोज तुमच्याकडे त्यांची तक्रार केली असती. आता रेंज मिळाली की वहीचं पान लिहायचं, फोटो काढायचा आणि तुमच्या शेजारच्या उज्वलाला पाठवायचा, असं ठरवलंय. उज्वला, अक्कांना अक्षर मोठं करून दाखव. आणि आधी स्वतः वाचून अख्ख्या जळकोटात बातमी करू नकोस.

नांदेडहून निघालो तेव्हा कॉलनीतले लोक तोंडावर हात ठेवून हसत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसानं गुडघ्याला तेल चोळत घरी बसावं, तर यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आतल्या सीटा उपटल्या आणि पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, चिमुकलं बेसिन, सगळं बसवून घेतलं. शेजारणीनं तर सरळ विचारलं, "घर विकलं की काय हो?"

पण अक्का, खरं सांगते, मी इतकी सुखात कधीच नव्हते. शाळेत उभी हयात भूगोल शिकवला. हिमालय फळ्यावर इतक्यांदा काढला की झोपेतसुद्धा काढेन, पण बर्फ म्हणून काय ते फ्रीजमधलं पाहिलेलं. आता गाडीचं मागचं दार उघडलं की नदी आणि नदीपलीकडे खरा डोंगर, खऱ्या बर्फाचा. मी म्हणते, "अजून दोन दिवस राहू या ना." हे म्हणतात, "राहू की. घाई कुणाला आहे?" असं करत प्रत्येक ठिकाणी दोन दिवसांचे आठ झालेत. लग्नापासून मला स्टँडवर बॅगा घेऊन धावायला लावणारा माणूस हाच का, असं मला वाटतं.

एकच काळजी आहे. यांचं जेवण पार उतरलंय. अर्ध्या भाकरीवर उठतात. पँट सुतळीनं बांधायची वेळ आलीय. विचारलं की "पित्त आहे" म्हणतात. आणि भलतंच खूळ डोक्यात घेतलंय, मला ही गाडी चालवायला शिकवतात! या वयात, या घाटात! चुकले की आमचे सासरे, तुमचे आप्पा, ओरडायचे तसे ओरडतात. तुम्ही एकदा खडसावून लिहा. तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत.

तुमची,
सौदामिनी

---

जळकोट,
१५ ऑगस्ट २०२४

चि. सौदामिनीस केवळाबाईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उज्वला मोबाइल घेऊन माझ्या पुढ्यातच बसून राहिली हाय, तवा लई लांबण लावत न्हाई.

उद्धवला खायाची बळजबरी करू नको. मागंल ते दे, न्हाई मागितलं तर गप ऱ्हा. त्यो म्हणंल तिथं थांब. तुला आवडलं तर अजून थांब. माघारी यायची घाई करू नको. हितं काय अडलं न्हाई. पाऊस बरा हाय, सोयाबीन बरं हाय.

तुझ्या जन्मात त्यानं तुला औश्याच्या किल्ल्यापल्याड नेलं न्हाई. आता नेऊन राहिला तर जा बाई. डोळे भरून बघ. त्यालाबी बघ.

गाडी शीक. वरडला तर वरडू दे.

केवळाबाई

---

काझा (स्पिती),
१९ सप्टेंबर २०२४

ती. केवळाक्कांस शरणार्थ.

महिनाभर रेंज नव्हती, म्हणून पत्र नाही. आज घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

अक्का, यांची तब्येत ठीक नाही. नुसती ठीक नाही असं नव्हे, मला फार भीती वाटतेय. खाल्लेलं ठरत नाही. परवा संडासवाटे रक्त गेलं. मी पाहिलं तर माझ्यावरच खेकसले, "दार लावून घेत जा." पित्तानं कुठं रक्त जातं का? इथं काझ्यात एका घराच्या अंगणात गाडी उभी आहे. हवा इतकी विरळ की मी धडधाकट असून मला धाप लागते. हे दिवसभर गाडीत पलंगावर पडून असतात आणि दारातून डोंगर बघतात. मी हात जोडले, पाया पडले, म्हटलं चला घरी. तर तुमचं ऑगस्टातलं पत्र काढून नाचवलं माझ्यापुढे. "बघ, अक्का काय म्हणते. घाई करू नको म्हणते."

मला राग आलाय तुमचा, लिहून टाकते. मी तुम्हाला त्यांना खडसवायला सांगितलं होतं आणि तुम्ही त्यांना हवं तेच लिहिलंत. तुम्हाला मोठ्या नणंदेचा मान मी कायम दिला. आज पदर पसरून मागते, दोन ओळी लिहा, "उद्धव, परत ये." बस. तुमच्या दोन ओळींनी हा माणूस उठेल. माझ्या सांगण्यानं उठत नाही.

पुढच्या महिन्यात इथले रस्ते बर्फानं बंद व्हायला लागतात म्हणे. भार्गवीला कळवू देत नाहीत. "पोर बाळंतीण आहे, तिला कशाला" म्हणतात. इथला पत्ता पानाच्या शेवटी लिहिते, न जाणो लागला तर.

सौदामिनी

---

जळकोट,
२३ सप्टेंबर २०२४

चि. सौदामिनी,

हे पत्र उज्वलाच्या हाती दिलं न्हाई. मी स्वतः पोष्टात जाऊन टाकलं. कधी पोचंल ते शिवाला ठाऊक. तू एकटी असशील तवा वाच.

मला माफ कर म्हणू का नको, कळंना. उद्धवनं मला शपथ घातली होती. आज मोडते.

तुम्ही निघायच्या आधी, मे महिन्यात, त्यो एकटाच हितं आला. मला म्हणाला, "अक्का, शेतात चल." मला वाटलं विहिरीचं काही असंल. तर आप्पाच्या समाधीपाशी नेलं. शेजारची मोकळी जागा पायानं दाखिवली. म्हणाला, "मी गेल्यावर मला हितं समाधीत बसवायचं. आप्पाच्या उजव्या अंगाला. आपला शेषेदादा डाव्या अंगाला हाय, मी उजव्या." मी म्हणलं, तुला याड लागलं का? तवा सांगितलं. आतड्यात गाठ हाय. डॉक्टरांनी हात टेकले. इलाज न्हाई. चार-सहा महिने. म्हणाला, "सौदामिनीला बर्फ दाखवायचा हाय. तिला कळलं तर ती मला बघत बसंल, बर्फ बघणार न्हाई."

मी मातीत बसून रडले. मग त्यानंच मला उठिवलं.

आता तूच सांग, मी काय लिहायचं होतं? इलाजच न्हाई म्हणल्यावर त्याला दवाखान्यात कशाला वढायचं? शेषेरावाचं दवाखान्यात काय झालं ते तू बघितलंस. म्हणून म्हणलं, त्याला हिंडू दे. तुझ्यावर माया न्हाई म्हणून न्हाई, बाई.

पर रक्त जाऊन राहिलं म्हणतीस, तवा माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. त्याला लवकर घरी आण. हितं आपल्या माणसांत जाऊ दे. लांब बर्फात त्याला कोण माती देणार?

केवळाबाई

---

काझा,
७ ऑक्टोबर २०२४

अक्का,

तुमचं पत्र काल मिळालं. मी ते गाडीच्या मागे दगडावर बसून वाचलं आणि तिथंच बसून राहिले. घरमालकीण येऊन माझ्या हातात चहाचा पेला देऊन गेली. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही, पण तिला बहुतेक कळलं.

मग मी उठले, गावात जाऊन यांना नेहमी तपासणाऱ्या नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. मला ऐकायचं होतं की खरंच किती दिवस उरलेत. अक्का, डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "अहो बाई, तुम्ही आहात कुठं? मी त्यांना मेमध्येच सांगितलं होतं, महिन्याच्या आत ऑपरेशन करून घ्या. गाठ एका जागी आहे, काढली की माणूस बरा होईल. ते हो म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. आमच्या माणसानं किती फोन केले!"

इलाज होता. ऐकताय ना? इलाज होता, अक्का. तुम्हाला सांगितलं इलाज नाही आणि मला सांगितलं पित्त. दोघींना दोन गोष्टी सांगितल्या आणि आपण दोघी आपापलं जपत बसलो. आपण एकदा जरी एकमेकींना नीट लिहिलं असतं तर!

मी आत जाऊन विचारलं. चिडायचं नाही असं ठरवून गेले होते, पण ओरडलेच. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडून म्हणाले, "दादालाही बरा होशील म्हणाले होते. ऑपरेशन झालं, अन् पुढं महिनाभर तो मशीनवर. तू बाहेर बसलेली असायचीस. आत मी जायचो. त्याचे डोळे उघडे असायचे, सौदामिनी. तो माझ्याकडे बघायचा अन् मी काही करू शकत नव्हतो. मला तसं पडायचं नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू नेलं असतंस."

"अन् अक्कांना खोटं का?"

"तिनं तर कान धरून नेलं असतं."

अक्का, माझ्या डोक्यातून एकच गोष्ट जात नाहीये. जिस्पाच्या आधी बीर गावी मी म्हटलं अजून राहू. जिस्पाला मी म्हटलं अजून राहू. ते सगळे दिवस मी मागून घेतले आणि ते दिवस त्यांच्या आयुष्यातले होते. मी नदीकाठी गाणी म्हणत होते. ते मला का बोलले नाहीत? कसा बघत बसला असेल हा माणूस माझ्याकडे?

इथल्या सरकारी दवाखान्यात सलाइन लावून आणलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आजच्या आज खाली न्या, चंदीगडला. अजून आशा असू शकते. यांचा एकच धोशा, "मी हलणार नाही. गेलो तर अक्काला कळव, ती मला आप्पांशेजारी बसवेल, सगळं ठरलंय." जागा ठरलीय म्हणून हे निवांत आहेत! ती जागा त्यांना उठू देत नाहीये. काल पहिला बर्फ पडला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काहीतरी करा. तुम्हीच काहीतरी करू शकता. मी हरले.

सौदामिनी

---

जळकोट,
९ ऑक्टोबर २०२४

उद्ध्या,

हे पत्र उज्वला फोटो काढून धाडणार हाय. तिनं वाचलं तर वाचू दे. अख्ख्या जळकोटानं वाचू दे. मला कुणाची भीड न्हाई.

तू मला फसवलंस. आई गेली तवा तू रांगत होतास. सासरहून मी तुझ्यासाठी माघारी आले अन् पुन्हा गेले न्हाई. तुला माझ्या हातानं भरवलं, तुझ्या गळ्यातलं लिंग मी माझ्या हातानं बांधलं. त्या हाताला तू खोटं बोललास. मी तुझ्यासाठी रडून राहिले होते अन् तू मला गप करत होतास. लाज न्हाई वाटली?

आता ऐक. आप्पाच्या उजव्या अंगाची जागा तुला मिळणार न्हाई.

काल आपल्या गड्याला, रेवणप्पाला बोलावलं. त्या जागंवर नांगर फिरवला अन् हरभरा पेरून टाकला, पार समाधीच्या कठड्यापातूर. रेवणप्पा म्हणाला, "अक्का, ही तर समाध्यांची जागा, हितं पेरत न्हाईत." मी म्हणलं, तू पेर. शेत आप्पानं माझ्या नावावर ठेवलंय, विसरलास का? हरभरा निघाला तरी जागा तुला न्हाई. ती माझी हाय. मी मोठी, नंबर माझा हाय. माझ्या आधी तुला जायाची परवानगी कुणी दिली?

तिथं बर्फात मेलास तर तिथंच ऱ्हा. मी येणार न्हाई, कुणाला धाडणार न्हाई. तुला हितली माती पाहिजे आसंल तर आधी दवाखान्यात जा. बरा हो, म्हातारा हो, मला माती दे. मग तुझं तू बघ.

भ्यायलास तर भी. शेषेराव बी भ्यायला होता. पर त्यो गेला दवाखान्यात, बायकोचं तोंड बघून गेला. तू तुझ्या बायकोच्या तोंडाकडं बघ.

ऊठ, उद्ध्या. ऊठ माझ्या लेकरा.

अक्का

---

चंदीगड,
५ नोव्हेंबर २०२४

ती. केवळाक्कांस शरणार्थ.

हे पत्र पोस्टानं पाठवते. तुमच्याशिवाय कुणी वाचायचं नाही.

तुमचं पत्र मी त्यांना मोबाइलवर दाखवलं तेव्हा आधी ते हसले. "म्हातारी पेरून बसली बघ," म्हणाले. मग पुन्हा वाचलं. मग उशी तोंडावर घेतली आणि त्यांचं सगळं अंग हलायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "गाडी काढ. मी मागं पडतो." सगळा रस्ता मी गाडी चालवली, अक्का. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि मागून यांचा आवाज, "दुसरा गिअर टाक. टाक ना." मला त्या ओरडण्याचा इतका आधार वाटत होता.

ऑपरेशन दिवाळीच्या आदल्या दिवशी झालं. म्हणजे झालं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. पोट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवलं. यकृतापर्यंत पसरलंय. आता काढण्यासारखं काही राहिलं नाही. औषधं देतील, दुखू नये म्हणून. मेमध्ये झालं असतं तर काय, हे मी विचारलं नाही. माझ्यात ते ऐकायची ताकद नव्हती.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "निघाली का गाठ?"

मी म्हणाले, "निघाली."

त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बघ, उगाच भ्यायलो." मशीन नाही, नळ्या नाहीत, याचं त्यांना केवढं नवल वाटत होतं! तेव्हापासून मला रोज खोटं बोलावं लागतंय. आता कळतंय, त्यांनी पाच महिने हे कसं केलं असेल. भार्गवीला मात्र खरं सांगितलं. ती तान्ह्या बाळाला घेऊन घरीच येऊन थांबणार आहे.

डॉक्टर म्हणाले, सावकाश घरी न्या, वाटेत जे आवडेल ते करू द्या. म्हणून पुन्हा आमची गाडी, पुन्हा आमचा मुक्काम, जणू आताच नांदेडहून निघालोय. तुम्ही एक करा. त्यांना आनंदाचं पत्र लिहा. बरा झालास, बरं झालं, असं. सागरला यांचा जुना मित्र सिद्धेश्वर राहतो, तिथं आम्ही थांबू. त्याचा पत्ता देते. तुमच्या हातचं खोटं त्यांना खरं वाटेल.

मला क्षमा करा. तुम्ही उठवलंत, पण मी वेळेत पोचवू शकले नाही.

सौदामिनी

---

सागर (मध्य प्रदेश),
१८ नोव्हेंबर २०२४

अक्का,

तुझं आनंदाचं पत्र मिळालं. तुला खोटं लिहायला जमत न्हाई. 'लई बरं झालं' असं एका पानात किती वेळा लिहिलंस! पूर्वी मला ताप आला की असंच म्हणायचीस, काही न्हाई रे, काही न्हाई.

मला ठाऊक हाय. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर एकटे आले तवा मी विचारलं. त्यांनी खरं सांगितलं. मीच त्यांना म्हणालो, माझ्या बायकोला कळू देऊ नका की मला कळलंय. ती रोज सकाळी मला सांगते, आज चेहऱ्यावर तेज आलंय. मी म्हणतो, हाव, भूक बी लागून राहिली. मग ती शिरा करते, अन् मी खातो. ती पाठ वळवते तवा खिडकीतून टाकून देतो. तिला वाटतं मी फसलो. तू तिला सांगू नको. तेवढं एक तिच्याजवळ राहू दे.

आता सिद्धेश्वरच्या अंगणात गाडी उभी हाय. ती समोर बसून तांदूळ निवडून राहिली, अन् काहीतरी गुणगुणून राहिली. मधीच वर बघते अन् मी हाय का ते बघून घेते. मी तिला सांगितलंय की सरकारी पेन्शनचं पत्र लिहून राहिलो.

अक्का, मेमध्ये शेतात तुझ्यासमोर उभा होतो तवा मला काडीची भीती नव्हती. वाटायचं, झालं जगून. आप्पाच्या शेजारी जागा हाय, बायकोला बर्फ दाखवू अन् जाऊ. डोंगरात बी भ्यायलो न्हाई. मग त्या घाटात ही बाई गाडी चालवत होती. मागं पडल्या पडल्या तिची नुसती पाठ दिसत होती मला. घामानं भिजलेली, थंडीत. तोंडानं शिवाचं नाव अन् पायाखाली ब्रेक. तवा मला पहिल्यांदा वाटलं, हिच्यासंगं अजून राहायला पाहिजे. अन् तवापासून ते जाईना. रातच्याला ती झोपली की मी तिचा हात धरून पडतो अन् मला रडू येतं. मला मरायचं न्हाई, अक्का. मी मूर्खपणा केला. वेळ हाती होता तवा मी तो फेकला. आता मला लई जगावं वाटून राहिलंय.

आई गेल्यावर मी मागंल ते तू कुठून कुठून आणून द्यायचीस. अक्का, तू काहीतरी कर ना.

तुझा,
उद्ध्या